तिसऱ्या माशाची बाजू

आमच्या वणीच्या आठवड्याच्या बाजारांत एका कोपऱ्याला सुक्या मासळीच्या पाट्या मांडलेल्या असतात. गडावर निघालेले यात्रेकरू, द्राक्षांच्या गाड्या, कांद्याचीं पोतीं यांतून वाट काढीत त्या कोपऱ्याशीं पोंचलों, कीं आमच्यासारखीं माणसें उपरण्याचें टोंक नाकाला लावून झपाझप पावलें उचलूं लागतात. मींही आयुष्यभर तेंच केलें. ती मासळी कोठून येते, ती पकडणाऱ्याच्या घरीं चूल कशी पेटते, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत माझ्या मनाला शिवला नाहीं. तेव्हां या महिन्याचा विषय पाहून आमचे नेहमींचे वाचक दचकतील, आणि वाचकवर्गांतले सारस्वत बंधु गालांतल्या गालांत हंसतील, हें जाणूनच तो घेतला आहे.

निमित्त घरांतलेंच झालें. माझ्या धाकट्या बंधूची नात मत्स्यशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करीत आहे. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबांत कुणी काय शिकावें याचा नेम राहिलेला नाहीं, आणि तें बरेंच झालें. मालवणच्या समुद्रांत, सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्या आसपास लहान होड्यांनीं मासे धरणाऱ्या कुटुंबांची पाहणी तिला करावयाची होती. प्रश्नावली इंग्रजींत होती. ती घेऊन पोर माझ्यापुढें बसली आणि म्हणाली, "आजोबा, याचें मराठी करून द्या, पण तुमच्या वर्गांतलें नको, होडीवरच्या माणसाला ऐकल्याबरोबर कळेल असें."

प्रश्नावलीचे तीन भाग होते. जागतिक हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-मंडळाच्या सन २००७ च्या अहवालांत जी त्रयी मांडली आहे, तिच्यावर हे भाग बेतलेले होते. एखादें गांव किंवा घर किती दुर्बळ आहे हें ठरवितांना तीन गोष्टी पहावयाच्या: संकट त्याच्या किती समोर उभें आहे, तें आलें तर घाव किती खोल बसेल, आणि घाव चुकविण्याची किंवा त्यांतून उठण्याची ताकद त्याच्यापाशीं किती आहे. पहिल्या दोहोंची बेरीज करावयाची आणि तिसरी वजा घालावयाची, असा साधारण हिशेब. सन २०१४ च्या अहवालांत या मांडणींत फेरफार झाला, परंतु आमच्या मुलीच्या कागदांचा पाया जुन्या त्रयीचाच होता. मीं प्रथम 'संकटसान्निध्य', 'आघातप्रवणता' आणि 'समायोजनशक्ति' असे शब्द करून दिले. तिनें ते मोठ्यानें वाचले, आणि स्वयंपाकघरांतून सुनांच्या हंसण्याचा आवाज आला. मग 'समोर काय', 'लागेल किती', 'सांवराल कसें' एवढ्यावर आमची तडजोड झाली.

हे तीन शब्द जुळवीत असतां मला सारखी एक जुनी कथा आठवत होती. अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमति आणि यद्भविष्य या तीन माशांची गोष्ट आपल्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक असेल. महाभारताच्या शांतिपर्वांत, पंचतंत्रांत आणि हितोपदेशांत ती थोड्याफार फरकानें आलेली आहे. उद्यां या तळ्यावर जाळें पडणार हें कळतांच पहिला रातोरात दुसऱ्या पाण्यांत निघून जातो. दुसरा ऐन वेळीं युक्ति करून सुटतो. तिसरा 'होईल तें होईल' म्हणून बसतो आणि मरतो. ही गोष्ट मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविली, आणि दर वर्षीं तिसऱ्या माशाला आळशी ठरविलें. एके वर्षीं मागच्या बाकावरच्या एका मुलानें, मोलमजुरी करणाऱ्याच्या पोरानें, विचारलें, "गुरुजी, पण पहिला दुसऱ्या तळ्यांत गेला कसा? माशाला पाय कुठें असतात?" वर्ग हंसला. मला वाटलें, हा चेष्टा करतो आहे. मीं त्याला तास संपेपर्यंत उभें ठेवलें. त्याचा प्रश्न अगदीं नेमका होता हें मला मालवणच्या वाळूंत बसल्यावर कळलें.

गेल्या हिवाळ्यांत मुलीबरोबर घरचें कुणी तरी मोठें माणूस असावें म्हणून मी मालवणला गेलों. किनाऱ्यावरून किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो. शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं त्याचें बांधकाम सुरू करविलें, हें आपण सर्वांनीं पाठ केलेलें आहे. परंतु त्या तटाभोंवतींच्या पाण्यालाही एक अर्थशास्त्र आहे हें पाठ्यपुस्तकांत नव्हतें. बेटांच्या आणि खडकांच्या आडोशाला पाणी शांत राहतें, प्रवाळ आणि शेवाळ वाढतें, लहान मासळी तेथें आसरा घेते, आणि लहान होडीलाही तेथवर जाऊन संध्याकाळच्या आंत परत येतां येतें. अशा जागेवर जगणाऱ्या समाजाला मीं सरसकट 'कोळी' म्हटलें, तेव्हां मुलीनें मला थांबविलें. या भागांत मासेमारी करणारे मुख्यत: गाबीत, कोळी उत्तरेकडचे.

आमचा मुक्काम ज्यांच्या शेजारीं होता ते गृहस्थ सत्तरीच्या घरांतले, रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें लांबलचक जाळें. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळांत जाळें सोडीत जाते आणि पुन्हां किनाऱ्याला लागते. मग दोन टोंकांचे दोर माणसांच्या दोन रांगा ओढूं लागतात. जाळें एकाचें नसतें, संघाचें असतें. प्रत्येक घराचा त्यांत भाग असतो, आणि मिळेल त्याचे वांटे पडतात. मीं पाहिलें त्या दिवशीं दोराला एक पोरगा होता, एक वाकलेला म्हातारा होता, दोन बायका होत्या. म्हाताऱ्याच्या हातांत कितीसा जोर असणार? पण दोराला हात लागला कीं पाटींत मूठभर बांगडा पडतो. आपल्याकडे सुगीला खळ्यावर बलुतेदाराचें सूप भरलें जाई, तसलाच हा प्रकार. रापण बंद पडली तर मासळीच्या आंकड्यांत फारशी घट दिसणारही नाहीं, कारण तीच मासळी दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यांत जाईल. पण त्या म्हाताऱ्याची मूठ रिकामी राहील. 'लागेल किती' या सदरांत ती कशी लिहावयाची, हा प्रश्न मुलीनें वहींत नोंदवून ठेवला.

समोर काय उभें आहे हें सांगायला तिथें कुणाला पुस्तकाची गरज पडली नाहीं. नोव्हेंबर २००९ चें फयान, ऑक्टोबर २०१९ चें क्यार, ३ जून २०२० ला अलिबागेच्या बाजूस धडकलेलें निसर्ग, आणि मे २०२१ मध्यें या किनाऱ्याला घांसून गेलेलें तौक्ते हीं नांवें तेथें घरांतल्या आजारपणांसारखीं सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं दाखवून दिलें, कीं या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळांची संख्या त्यापूर्वीच्या काळापेक्षां ५२ टक्क्यांनीं वाढली. वादळ प्रत्यक्ष येतें तें एक दिवस. पण इशारे येतात पुष्कळ, आणि प्रत्येक इशाऱ्याला होडी वर ओढावी लागते. त्या दिवसांची मजुरी कुणाच्या वहींत नसते. शिवाय मासळीची स्वत:ची लहर आहेच. तारलीचेंच पहा. केरळांत २०१२ सालीं तिची आवक सुमारें ३ लाख ९० हजार टन होती, ती २०२१ सालीं साडेतीन हजार टनांच्याही खालीं गेली. समुद्राचें तापमान, खाद्य, अति पकड अशीं अनेक कारणें शास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडे द्राक्षांवर गारपीट होते तेव्हां मोडलेला मांडव तरी दिसतो, तलाठी पंचनाम्याला येतो. न आलेल्या तारलीचा पंचनामा कसा करणार?

येथवर सारें निसर्गाचें झालें. परंतु तेथल्या माणसांनीं वादळांविषयीं जितकें सांगितलें त्याच्या तिप्पट मोठ्या बोटींविषयीं सांगितलें. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यालगतचें, कांहीं ठिकाणीं पांच तर कांहीं ठिकाणीं दहा वांव खोलीपर्यंतचें पाणी लहान मासेमारांसाठीं राखावें आणि यांत्रिक ट्रॉलरांनीं त्यांत शिरूं नये, असें त्याखालच्या नियमांचें धोरण आहे. पर्ससीन नांवाचें, थैलीसारखें तळ आवळून अख्खा थवाच गिळणारें जाळें आलें, तेव्हां त्याच्यावर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें निर्बंध घातले गेले. रात्रीं प्रखर विजेचे दिवे लावून मासळी गोळा करण्याला केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१७ मध्यें बंदी केली. नियम आहेत, आणि वाईट नाहींत. पण बारा सागरी मैलांपर्यंतचें पाणी राज्याचें, त्यापुढचें केंद्राचें; आणि अंधारांत वांव मोजणारा कुणी नाहीं. कौटिल्यानें 'मात्स्यन्याय' हा शब्द दंडशक्ति नसलेल्या राज्याविषयीं वापरला आहे: मोठा मासा लहानाला खातो. मी तो शब्द चाळीस वर्षें दृष्टांत म्हणूनच समजत आलों. मालवणला तो दृष्टांत नाहीं. तेथें मोठें जाळें लहान जाळ्याला खातें.

याच पाण्याच्या २९ चौरस किलोमीटरांवर १९८७ सालीं सागरी अभयारण्य जाहीर झालें. किल्ला आणि पदमगड यांच्याभोंवतींचा सुमारें सव्वातीन चौरस किलोमीटरांचा भाग त्याचा गाभा. प्रवाळ वांचावें हें कुणाही सुज्ञाला पटेल. पण नियोजनाच्या नकाशावर जो गाभा, तोच लहान होडीचा रोजचा शेजार. मोठी बोट पुढें जाऊन जाळें टाकील. लहान होडीनें जावें कोठें, या भीतीनें तेथल्या मासेमारांनीं अभयारण्याला दीर्घकाळ विरोध केला. विरोध करणारा तो अडाणी, असें दुरून वाटतें. जवळून तसें वाटलें नाहीं. मी काय अभयारण्याच्या विरुद्ध नाहीं. फक्त ज्याला सोसावयाचें आहे त्याला आधीं विचारावें, एवढेंच.

आतां तिसरें सदर, 'सांवराल कसें'. मुलीनें रापणकर आजोबांना विचारलें, मासळी हल्लीं कोठें गेली आहे तें तुम्हांला कळतें का? तिच्या कागदावर हा ज्ञानाविषयींचा प्रश्न होता, आणि 'होय' म्हटलें तर दुर्बळता कमी होत होती. ते म्हणाले, "मासो खंय गेलो ता आमका ठावक आसा. पन थंय जावची व्हडी आमच्याकडे नाय."

मला मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. तळ्यावर जाळें पडणार हें तिन्ही माशांना सारखेंच कळलें होतें. दुसऱ्या पाण्यापर्यंत जाणारा ओहोळ कुणाच्या बाजूला होता, हें मात्र कथाकारानें सांगितलें नाहीं, आणि मींही कधीं विचारलें नाहीं.

मुलीनें 'होय' वर खूण केली, आणि मग बराच वेळ पेन्सिल तशीच धरून बसली. पुढचा प्रश्न पर्यायी व्यवसायाचा. आजोबांचा पुतण्या पर्यटकांना होडींतून किल्ल्यावर नेतो. म्हणजे पर्याय आहे. म्हणजे पुन्हां एक गुण. इथें माझ्यांतला मास्तर जागा झाला. मीं विचारलें, कोणकोणत्या महिन्यांत? तर पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं किल्ल्याची फेरी बंद. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी. बिनयंत्राच्या होडीला कायद्यानें बंदी नाहीं, पण नारळी पौर्णिमेपर्यंत त्या समुद्रांत तिला लोटणार कोण? वादळाचा इशारा आला कीं दोन्ही धंदे एकाच दिवशीं बंद. २०२० च्या टाळेबंदींतही दोन्ही एकदमच बसले. दोन धंदे खरे, पण दोन्हींचें कुलूप एकच. आपल्या घरांत एका मुलाचा पगार आणि दुसऱ्याची शेती असते तेव्हां एकाचें वाईट वर्ष दुसऱ्यावर निभतें; तसा हा पर्याय नव्हे.

प्रश्नावलींत 'कुटुंबप्रमुख' या शब्दापुढें बहुतेक घरांत पुरुषाचें नांव लागलें. परंतु किनाऱ्यावर मासळी लिलावांत घेणारी, बर्फाचे पैसे देणारी, पाटी घेऊन गांवोगांव विकणारी आणि उधारी लक्षांत ठेवणारी बाईच. एका घरीं पतीनें कर्ज नाहीं म्हणून सांगितलें. तो खरेंच बोलत होता, कारण कर्ज त्याच्या नांवावर नव्हतें. पत्नी पदराआडून कांहीं बोलली नाहीं. मुलगी दुपारीं पुन्हां एकटी जाऊन आली, तेव्हां कर्जाचा आंकडा मिळाला. हें काम मला जमलें नसतें.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या शेतीवाडीच्या मुलखांतल्या माणसांनीं ध्यानांत घ्यावी. जमिनीला सातबारा असतो. बाप गेला तरी उतारा राहतो. त्यावर कर्ज मिळतें, भरपाई मिळते, निदान भांडतां तरी येतें. समुद्राला सातबारा नाहीं. पिढ्यान् पिढ्या एकाच खडकाशीं जाळें टाकणाऱ्याला तो खडक आपला आहे असें कागदावर दाखवितां येत नाहीं. मुंबईच्या बंदरांत घारापुरीच्या लेण्यांसमोरच न्हावाशेव्याचें प्रचंड बंदर १९८९ सालीं सुरू झालें. पुढें भराव पडले, खाड्यांचीं तोंडें आक्रसलीं, आणि उरणकडच्या पारंपरिक मासेमारांना दाद मागतां मागतां वर्षें लोटलीं. शेवटीं फेब्रुवारी २०१५ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें १,६३० कुटुंबांना सुमारें ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला, म्हणजे घरटीं ५ लाख ८४ हजार. रकमेपेक्षां मला त्यांतलें तत्त्व मोठें वाटलें: उतारा नसतांही त्या पाण्यावर त्यांचा कांहीं हक्क होता, हें मान्य झालें. आणि ज्या घारापुरी बेटाला रोज हजारों प्रवासी पाहून जातात, तेथें कायमची वीज पोंचली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें, समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटर तार टाकून. वीज नाहीं म्हणजे बर्फ नाहीं, आणि बर्फ नाहीं म्हणजे पकडलेली मासळी ठेवतां येत नाहीं; मिळेल त्या भावानें देऊन टाकावी लागते. बेटावरच्या माणसाच्या दुर्बळतेंत समुद्राचा वांटा किती आणि मुख्य भूमीपासून तुटल्याचा किती, हें असें निवडून पहावें लागतें.

परतीच्या प्रवासांत मुलीनें मला गुण कसे देतात तें समजावून सांगितलें. प्रत्येक उत्तराला शून्य ते एक यांच्यामधला अंक, सगळ्यांना सारखें वजन, मग सरासरी, आणि त्या सरासरीवरून गांवांची अनुक्रमवारी. सन २०१० च्या गणनेंत कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४५६ मासेमारी गांवें आणि ८१,४९२ कुटुंबें आढळलीं होतीं. एवढ्या पसाऱ्यांत मदत आधीं कोठें पोंचवावी हें ठरवायला कांहीं तरी अंक हवाच, हें मला मान्य आहे. पण गुणपत्रिका तयार करण्यांत माझा जन्म गेला. चित्रकलेंत नव्वद आणि गणितांत भोपळा मिळविणाऱ्याची सरासरी पास होण्याइतकी निघते, म्हणून आम्हीं त्याला कधीं वर ढकललें नाहीं. प्रत्येक विषयांत किमान गुण ठरविले होते. पक्की सडक आहे, शाळा आहे, घरोघर फोन आहेत, म्हणून समुद्रांत मासळी नसल्याचें कसें भरून निघणार? तसलें गांव सरासरींत मधल्या रांगेंत बसतें आणि मदतीच्या यादींतून गळतें. मुलगी म्हणाली, "आजोबा, पद्धतच तशी आहे." मीं म्हटलें, "बाळ, पद्धत माणसांनींच केली ना?" मग कोल्हापूर येईपर्यंत ती माझ्याशीं बोलली नाहीं. तिचीही अडचण खरी होती; तिला पदवी घ्यावयाची आहे, मला नाहीं.

परवां तिचें पत्र आलें. तिच्या मार्गदर्शकांनीं दोन फेरफार मान्य केले आहेत. पर्यायी व्यवसायापुढें आतां बारा महिन्यांचे बारा चौकोन असतील, आणि ज्या महिन्यांत मासेमारीचाही चौकोन रिकामा आहे त्यांचा हिशेब निराळा होईल. घरांतल्या बाईसाठीं स्वतंत्र कागद आला आहे, आणि तो पुरुषासमोर भरावयाचा नाहीं. सरासरी मात्र अद्याप तशीच आहे. त्याविषयीं आमचा दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे. पुढची खेप ती जुलैंत घालणार आहे, होड्या वर ओढून झांवळ्यांखालीं झांकलेल्या असतात त्या दिवसांत. रापणकर आजोबांनीं 'मास्तर येणार काय' म्हणून विचारल्याचें तिनें लिहिलें आहे. त्या पावसांत कोंकणांत जायला माझे गुडघे राजी नाहींत, आणि घरांतूनही नकारच आहे. पण मीं येतों म्हणून कळविलें आहे.